पडद्यावरचा कोंढाणा आणि सातवीचा वर्ग

पत्राचा सारांश : एका तालुक्याच्या गावातील अनुदानित शाळेत सातवीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. सहामाही परीक्षेत कोंढाण्याच्या लढाईवर प्रश्न होता. त्याच्या उत्तरात वर्गातील बऱ्याच मुलांनी 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटातील 'नागीण' नावाच्या प्रचंड तोफेचे वर्णन लिहिले. बाईंनी त्याचे गुण कापले, तेव्हा एका पालकांनी शाळेत येऊन, मावळ्यांचा पराक्रम तुम्हाला खोटा वाटतो का, असे विचारले. आता मुख्याध्यापकांनी शिवजयंतीच्या आठवड्यात पाचवी ते दहावीच्या सर्व मुलांना सभागृहात 'छावा' पूर्ण दाखवायचे ठरवले आहे. पुस्तकाला हात न लावणारी मुले चित्रपटामुळे निदान इतिहासाचे नाव तरी काढतात, असे सहकारी म्हणतात. बाईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत : वर्गात चित्रपट दाखवावेत की दाखवू नयेत, आणि मुलांचा उत्साह न मारता त्यातील चुका कशा सांगाव्यात?

सप्रेम नमस्कार.

चित्रपट दाखवावा की दाखवू नये, असा प्रश्न तुम्ही मांडला आहे. पण तुमच्याच पत्रावरून दिसते की तो निर्णय तुमच्याकडे उरलेला नाही. तुमच्या वर्गातील मुलांनी 'तान्हाजी' कधीच पाहून टाकला आहे. कोणी टीव्हीवर पाहिला असेल, कोणी मोबाईलवर, आणि ज्याने पूर्ण पाहिला नसेल त्याने शेवटच्या लढाईचे तुकडे तरी पाहिले असतील. तुम्ही पडदा लावला नाही, तरी ती दृश्ये मनात घेऊनच मुले तुमच्या तासाला बसतात आणि तुम्ही 'कोंढाणा' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातला कोंढाणा उभा राहतो. तेव्हा जे पाहून झाले आहे, त्याचे वर्गात काय करायचे, या प्रश्नापासून आपण सुरुवात करू. तो सुटला की सभागृहातील कार्यक्रमाचे उत्तरही बरेचसे सापडेल.

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. चित्रपटाने गोडी लागते, हे खरे आहे. त्यांच्या म्हणण्यात एक गृहीतक मात्र दडलेले आहे, ते असे की आधी गोडी लागते, मग मूल पुस्तकाकडे वळते, आणि पुस्तक वाचले की चित्रपटातील चुका आपोआप पुसल्या जातात. यातला शेवटचा भाग तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2009 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना काही ऐतिहासिक घटनांविषयीचा अचूक मजकूर वाचायला दिला, त्याच घटनांवरील लोकप्रिय चित्रपटांचे तुकडे दाखवले आणि आठवड्याने चाचणी घेतली. मजकूर आणि चित्रपट यांचा जिथे मेळ होता, तिथे नुसते वाचण्याच्या तुलनेत लक्षात राहण्याचे प्रमाण सुमारे 50 टक्क्यांनी वाढले. जिथे चित्रपटाने वेगळेच दाखवले होते, तिथे मात्र खरी माहिती डोळ्यांखालून गेलेली असूनही विद्यार्थ्यांनी जवळजवळ निम्म्या वेळा चित्रपटातील चूकच उत्तर म्हणून लिहिली. हे विद्यार्थी महाविद्यालयीन होते. तुमची मुले बारा-तेरा वर्षांची आहेत, त्यामुळे 'नागीण' त्यांच्या उत्तरपत्रिकेत उतरली यात त्यांचा आळस किंवा तुमच्या शिकवण्यातली उणीव शोधण्याचे कारण नाही.

या प्रयोगातील सर्वांत उपयोगी भाग वेगळाच आहे. काही विद्यार्थ्यांना आधी मोघम सूचना दिली होती की चित्रपटात चुका असू शकतात, सावध राहा. तिचा फारसा उपयोग झाला नाही. ज्यांना नेमके सांगितले होते की अमुक प्रसंगात अमुक गोष्ट चुकीची दाखवली आहे आणि प्रत्यक्षात असे घडले होते, त्यांच्या चुका मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. आपल्याकडे बहुतेक शिक्षक पहिल्या प्रकारची सूचना देतात. 'हा सिनेमा आहे, सगळे खरे मानू नका' एवढे सांगितले की आपले कर्तव्य झाले असे वाटते. चित्रपटांच्या सुरुवातीला येणारी सूचनाही त्याच जातीची असते. मुलाला त्यातून काय खरे मानायचे नाही ते कळत नाही, म्हणून ते सगळेच खरे मानते. तेव्हा जो तुकडा दाखवायचा, त्यातील एक किंवा दोन चुका निवडाव्यात, त्या आधीच फळ्यावर लिहाव्यात, शेजारी खरी माहिती लिहावी आणि मगच पडदा सुरू करावा. सगळ्या चुकांची यादी करू नये. दहा चुका सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही, आणि मुलांना वाटते की बाई चित्रपटाच्या पाठीमागेच लागल्या आहेत.

आता तुमच्या तोफेकडे येतो, कारण तिच्यात एक उत्तम तासिका दडलेली आहे आणि ती वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

चित्रपटात ही तोफ राजगडाचा वेध घेण्यासाठी कोंढाण्यावर आणली जाते. मुलांच्या हाती पुणे जिल्ह्याचा नकाशा आणि पट्टी द्या. सिंहगड आणि राजगड शोधायला लावा, दोन्हींमधील अंतर पट्टीने मोजायला सांगा आणि नकाशाच्या प्रमाणावरून किलोमीटर काढायला लावा. सरळ रेषेत ते सुमारे 15 किलोमीटर भरते. मग सतराव्या शतकातील तोफेचा उपयोगी पल्ला फार तर दोन-तीन किलोमीटरांचा असे, एवढेच सांगा आणि गप्प राहा. तोफ खोटी आहे हे तुम्हाला म्हणावे लागणार नाही, मुलेच म्हणतील. भूगोलाच्या बाईंनाही या तासाला बोलावले तर प्रमाण काढण्याचा सराव त्यांच्याही खाती जमा होईल.

एवढ्यावर थांबलात तर मात्र मुलांच्या हाती फक्त एक वजाबाकी उरेल आणि त्या पालकांची तक्रार काही अंशी खरी ठरेल. म्हणून त्याच तासाला, त्याच 15 किलोमीटरांवर, सभासदाची बखर उघडा. कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेली ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे, म्हणजे घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांनी लिहिलेली. तिच्यात महाकाय तोफ नाही. तिच्यात रात्रीच्या वेळी कड्यावरून वानरांसारखे चढून गेलेले मावळे आहेत. तानाजी आणि गडाचा मुघल किल्लेदार उदेभान समोरासमोर येतात, तेव्हा तानाजीच्या डाव्या हातातील ढाल तुटते आणि दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग तो डाव्या हाताचीच ढाल करून लढत राहतो आणि शेवटी दोघेही पडतात. सूर्याजी मालुसरे उरलेल्या माणसांना सावरून गड घेतो. त्यानंतर गडावरील पागेच्या खणांना आग लावली जाते, तो उजेड महाराज राजगडावरून पाहतात आणि गड हाती आला हे त्यांना तिथेच समजते. तानाजी पडल्याची बातमी मागाहून पोहोचते, तेव्हा एक गड घेतला परंतु एक गड गेला, असे म्हणून महाराज कष्टी होतात.

ज्या अंतरावरून तोफेचा गोळा पोहोचणे शक्य नाही, त्या अंतरावरून आगीचा उजेड दिसतो. हे मुलांनी स्वतःच्या पट्टीने मोजलेले अंतर असेल. गडांवरून एकमेकांना इशारे कसे देत, रात्रीची वेळ का निवडली असेल, बातमी घेऊन जासुदाला राजगड गाठायला किती वेळ लागला असेल, असे प्रश्न मग मुलेच विचारू लागतात. तुमची सहल कधी सिंहगडावर गेलीच, तर स्वच्छ हवेच्या दिवशी तिथून राजगड आणि तोरणा मुलांना दाखवा.

यानंतर मला तुमच्याही एका गृहीतकाला हात घालायचा आहे. तुमच्या पत्रात पुस्तक म्हणजे खरे आणि चित्रपट म्हणजे भेसळ, अशी सरळ विभागणी दिसते. कोंढाण्याची गोष्ट इतकी सरळ नाही. गड चढण्यासाठी वापरलेली घोरपड सभासदाच्या बखरीत नाही. ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. ज्या वाक्यावर आपण सगळे वाढलो, ते 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य घरोघरी पोहोचवण्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा मोठा वाटा आहे. तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवले गेले, असे आपण लहानपणी ऐकले. परंतु 1663 मधील पत्रात, म्हणजे लढाईच्या सात वर्षे आधीच, सिंहगड हे नाव आढळते. आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1923 मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला आणि त्यात तरुण व्ही. शांताराम शेलारमामांच्या भूमिकेत होते. म्हणजे ही कथा पडद्यावर यायला लागून शंभर वर्षे होऊन गेली. 2020 चा चित्रपट या लांबलचक मालिकेतील अगदी अलीकडचा दुवा आहे.

सातवीच्या पुस्तकातील पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने' हा आहे आणि त्यात भौतिक, लिखित, मौखिक अशी साधने दिली आहेत. हा पाठ बहुतेक शाळांत जूनच्या पावसात घाईघाईने उरकला जातो, कारण त्यात लढाई नाही. तो कोंढाण्यापर्यंत राखून ठेवा. बखर, पोवाडा, कादंबरी आणि चित्रपट यांतील एकाच प्रसंगाचे चार उतारे चार गटांना द्या आणि प्रत्येक गटाला तीनच गोष्टी शोधायला सांगा : हे कोणी सांगितले, घटनेनंतर किती वर्षांनी सांगितले आणि कोणासाठी सांगितले. चित्रपटाचा तुकडा चार-पाच मिनिटांपेक्षा मोठा नको. तो एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून दाखवा. ढोल-ताशा आणि संवाद काढून घेतले की मुलांना दिसू लागते की आपल्या अंगावर काटा आणणारी गोष्ट कोणती होती. प्रकाश आणि रंग यांकडेही लक्ष वेधा. कोणाच्या बाजूला उजेड आहे, कोणाला काळे-हिरवे कपडे दिले आहेत, शत्रू हसतो कसा, जेवतो कसा, हे मुलांना टिपू द्या. मग त्यांना आठवण करून द्या की उदेभान राजपूत होता, ज्यांच्याशी 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला ते मिर्झाराजे जयसिंहही राजपूतच होते आणि दोघेही औरंगजेबाच्या चाकरीत होते. एवढ्याने मुलांना राजकारण गुंतागुंतीचे होते हे कळते. तुम्हाला त्यावर प्रवचन करावे लागत नाही.

पुरंदरच्या तहाचे नाव निघाले म्हणून सांगतो. चित्रपट पाहून आलेल्या मुलाला लढाई माहीत असते, पण कोंढाणा मुघलांकडे गेलाच कसा हे बहुधा सांगता येत नाही. तहात 23 किल्ले द्यावे लागले, पुढच्या वर्षी आग्र्याला जावे लागले, तिथून सुटून आल्यावर काही काळ शांतता राखली गेली आणि 1670 मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. 4 फेब्रुवारीच्या रात्री कोंढाणा घेतला, मार्चमध्ये पुरंदर, जूनमध्ये माहुली हाती आला, आणि ऑक्टोबरमध्ये सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी झाली. एका गडाच्या गोष्टीमागे एवढा विचारपूर्वक आखलेला क्रम होता. मोठ्या पडद्याला एक नायक, एक खलनायक आणि एक रात्र लागते. चार वर्षांची तयारी त्यात मावत नाही. ती सांगणे हे तुमचे काम आहे, आणि चित्रपटाने मुलांचे कान आधीच टवकारलेले असल्यामुळे ते या वर्षी थोडे सोपे झाले आहे.

आता त्या पालकांविषयी. त्यांचा राग मी गंभीरपणे घेतो आणि तुम्हीही घ्यावा. आपल्याकडे शिवकाल हा नुसता अभ्यासक्रमाचा भाग नाही. घरातल्या तसबिरीत, गडावरच्या वारीत, मुलाच्या नावात तो असतो. मुलगा घरी येऊन 'बाईंनी तानाजीवर लिहिलेले खोडले' असे सांगतो, तेव्हा वडिलांना त्यातली तोफ दिसत नाही, तानाजी दिसतो. त्यांना वाद घालून गप्प करण्यापेक्षा सभासदातील ढालीचा उतारा त्यांच्या हाती द्यावा आणि वाचून दाखवावा. तुम्ही काढून घेतलेली गोष्ट एका आधुनिक लेखकाने रचलेली आहे आणि तुम्ही त्या जागी देत असलेली गोष्ट तानाजींना अधिक मोठे करणारी आहे, हे त्यांना तिथल्या तिथे समजेल. मुलांशी बोलतानाही हाच क्रम ठेवा. आधी कागदपत्रांतील पराक्रम सांगा, त्यानंतर चित्रपटातील भर दाखवा. क्रम उलटा झाला, तर मुलाच्या मनात काहीतरी हिरावून घेतल्याची भावना राहते आणि मग तुमचे बाकीचे बोलणे त्याच्या कानात शिरत नाही.

उत्तरपत्रिकांच्या बाबतीत मात्र थोडे माझे ऐका. 'माहिती लिहा' असा प्रश्न विचारला, तर मूल स्वतःकडे असलेली सगळी माहिती लिहिते आणि ती कुठून आली याचा हिशेब ठेवत नाही. गुण कापून तो हिशेब शिकवता येत नाही. त्या उत्तरपत्रिका परत द्या आणि मुलांना समासात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहायला सांगा : पुस्तकातले असेल तर 'पु', चित्रपटातले असेल तर 'चि', कोणाकडून ऐकलेले असेल तर 'ऐ'. काही वाक्यांपुढे मुले अडखळतील, आणि त्या अडखळण्यावरच चर्चा करा. पुढच्या चाचणीत प्रश्न बदलून विचारा, उदाहरणार्थ, 'सभासदाच्या बखरीनुसार गड जिंकल्याचे महाराजांना कसे समजले?' आकारिक मूल्यमापनाचे काही गुण या समासाच्या कामाला देता आले, तर मुले ते मनावर घेतील.

ज्यांना असा कोणताही चित्रपट वर्गात वापरायचा असेल, त्या इतर शिक्षकांसाठी दोन शब्द. आठवीला स्वातंत्र्यलढा शिकवताना 1982 चा 'गांधी' बऱ्याच ठिकाणी दाखवला जातो. जालियनवाला बागेचा प्रसंग आणि त्यानंतर हंटर समितीपुढील डायरची उलटतपासणी हा त्यातील भाग वर्गात वापरण्याजोगा आहे, कारण झाडलेल्या 1650 फैरींपासून डायरच्या जबाबापर्यंत पुष्कळ गोष्टी मुलांना नोंदींशी ताडून पाहता येतात. त्याच चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुठेही दिसत नाहीत. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेला पुणे करार हा ज्या दोन नेत्यांमधील संघर्षातून निघाला, त्यांपैकी एक नेताच गांधीजींच्या चरित्रपटातून गळावा, हे मुलांच्या लक्षात आणून दिलेच पाहिजे. पडद्यावर जे चुकीचे दाखवले ते शोधणे सोपे असते, जे दाखवलेच नाही ते शोधायला शिकवावे लागते. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटातील पुणे कराराचा भाग त्याच्या जोडीला ठेवावा. 'लगान'सारखा उघडउघड काल्पनिक चित्रपट मला कधीकधी अधिक सोयीचा वाटतो, कारण 1893 मधील ते गाव आणि तो क्रिकेटचा सामना कल्पित आहे हे मुलांना आधीच ठाऊक असते आणि त्यावर मोकळेपणाने बोलता येते. त्यातील सगळा संघर्ष गावकरी आणि इंग्रज अधिकारी यांच्यात आहे. त्यासमोर 1875 मध्ये सुप्यात सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव ठेवला, सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रे शेतकऱ्यांनी का जाळली हे विचारले, की शेतसारा आणि सावकार यांचा संबंध उलगडतो.

आता तुमच्या सभागृहाकडे वळू. मुख्याध्यापकांचा हेतू चांगला आहे, पण पाचवी ते दहावीच्या मुलांना एकत्र बसवून 'छावा' पूर्ण दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या चित्रपटाला यूए 16+ असे प्रमाणपत्र आहे. याचा अर्थ सोळा वर्षांखालील मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. आणि सभागृहात शेकडो मुलांसमोर उभे असलेले दोन शिक्षक प्रत्येकाच्या पालकांची जागा घेऊ शकत नाहीत. छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांतील यातना त्यात तपशिलाने दाखवल्या आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात ते दृश्य रुतून बसते, आणि त्याच्याभोवती अर्थ उभा करायला लागणारी बाकीची माहिती त्या वयात त्याच्याकडे नसते. भीती आणि संताप एवढेच घेऊन ते घरी जाते. हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या 1979 च्या कादंबरीवर आधारलेला आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. कादंबरीकाराने आधी काही रचले, मग पटकथाकाराने आणखी रचले. चित्रपट आल्यानंतर मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात, पडद्यावर पाहिलेला खजिना सापडेल या आशेने लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणत होते. ही सगळी मोठी माणसे होती. सातवीच्या मुलाने तोफ खरी मानली, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

संभाजी महाराजांविषयी शिवजयंतीच्या आठवड्यात काही करायचे असेल, तर सातवीसाठी सभागृहाऐवजी वर्गच बरा. फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वरला ते पकडले गेले आणि 11 मार्चला त्यांची हत्या झाली, हे मुलांना माहीत होतेच. त्याआधीच्या आठ वर्षांत मुघल, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज अशा अनेक आघाड्या त्यांनी एकाच वेळी कशा सांभाळल्या, हे नकाशावर बाण काढून दाखवा. 1683 च्या गोव्याच्या मोहिमेसाठी एक तास राखून ठेवा, कारण ती पडद्यावर क्वचितच येते. त्यांनी संस्कृतात 'बुधभूषण' रचला हे सांगा. आणि चित्रपट जिथे संपतो तिथून पुढे जा. राजा मारला गेला, राजधानी पडली, तरीही राजाराम महाराज, महाराणी ताराबाई, संताजी आणि धनाजी यांनी 1707 पर्यंत औरंगजेबाला दक्षिणेतून परत जाऊ दिले नाही. 'मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम' हा पाठ तुमच्या पुस्तकात आहेच. तो चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणून शिकवला, तर मुले पुढे काय झाले या ओढीने ऐकतील.

मुख्याध्यापकांकडे नुसता विरोध घेऊन जाऊ नका, एक कागद घेऊन जा. त्यावर तीन तासिकांचा आराखडा, कोणता तुकडा किती मिनिटे दाखवणार, त्यातली कोणती चूक आधी सांगणार आणि नंतर कोणता उतारा वाचणार, एवढे लिहा. कायद्याची शंका त्यांनी काढली, तर 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील कलम 52 नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक एवढ्याच प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखवणे हे उल्लंघन ठरत नाही, हे सांगता येईल. कोणाच्या तरी घरच्या ओटीटी खात्यावरून दाखवायचे असेल तर त्या सेवेच्या अटी वाचून घ्या, कारण त्या बहुधा घरगुती वापरापुरत्या असतात. आणि कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली चोरीची प्रत शाळेच्या प्रोजेक्टरवर लावू नका.

इतके करूनही पूर्ण चित्रपट दाखवायचाच असा त्यांचा आग्रह राहिला, तर तो फक्त दहावीसाठी ठेवायला सांगा, पालकांचे लेखी संमतिपत्र घ्या आणि ज्या मुलाला मध्येच उठून जावेसे वाटेल त्याला जाऊ द्या. दहावीच्या इतिहासात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' हा पाठ आहे. तो आदल्या दिवशी शिकवून झालेला असावा, आणि चित्रपटानंतर एक पूर्ण तासिका चर्चेसाठी वेळापत्रकात आधीच लावून घ्यावी, नाहीतर घंटा होते आणि मुले थेट मैदानात जातात.